दख्खनच्या उन्हातली आमरी

महाराष्ट्रात आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, शंभराहून अधिक जाती आपसूक उगवतात. त्यांतल्या बहुतेक सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणाकडच्या उतारावर असल्या, तरी सगळ्या तिथल्या नाहीत. व्हँडा टेसेलाटा ही जात विदर्भातल्या पानगळीच्या जंगलांत मोहाच्या नि आंब्याच्या खोडांवर राहते. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना तिला फुले येतात : पाकळ्यांवर तपकिरी जाळीची नक्षी, मध्ये जांभळट निळी ओठासारखी पाकळी आणि जवळ गेल्यावर कळणारा गोड वास. तिला ना कोणी पाणी घालते, ना कोणी तिच्यावर हिरवी जाळी बांधते. घाटावरच्या कोरड्या गावांत घराबाहेर आमरी वाढवण्याचा विचार या जातीपासून सुरू करावा. बाजारातल्या पुस्तकांतले सल्ले मुख्यतः थंड देशांतल्या काचघरांसाठी किंवा दमट किनाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि ते पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूरला जसेच्या तसे लावले की झाडे मरतात.

आधी हवा. पुण्यात वर्षाकाठी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. झाडाला जाच होतो तो निव्वळ उष्णतेचा नव्हे, तर पानातून पाणी ओढून घेणाऱ्या या कोरड्या हवेचा. ही ओढ मोजता येते. २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेच्या तुलनेत ४२ अंश आणि २० टक्क्यांच्या उन्हाळी हवेची ओढ सुमारे नऊपट असते. त्यात विदर्भातली झळ, म्हणजे वाहता गरम वारा, मिळाला की पानाच्या पृष्ठभागालगतचा थोडासा ओलावाही टिकत नाही.

पण दख्खनच्या हवेची एक जमेची बाजू आहे. एप्रिलात पुण्याला दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो. रात्र-दिवसातला हा फरक कोकणात मिळत नाही, आणि आमरीच्या अनेक जातींना तो मानवतो. याचे कारण त्यांच्या पानांच्या कामकाजात आहे. व्हँडा, कॅटलिया अशा जाड, चिवट पानांच्या आमरी दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात. ती उघडतात रात्री. तेव्हा आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी रंध्रे बंद ठेवून, उन्हाच्या बळावर त्याची साखर बनते. घायपात, निवडुंग आणि अननस हाच मार्ग वापरतात. पाणी वाचवण्याची ही जुनी युक्ती आहे, आणि झाडांच्या फांद्यांवर, मातीपासून दूर, पावसापावसांमधल्या खंडात जगणाऱ्या वनस्पतींत ती असावी यात नवल नाही.

माळीकामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अशा आमरीला गारवा आणि ओलावा हवा असतो तो रात्री. दुपारी दोन वाजता पंपाने पानांवर तुषार मारणे ही माणसाच्या मनाची समजूत आहे. पाणी काही मिनिटांत उडून जाते, पान तेवढ्यापुरते थंड होते, आणि पाण्यातला क्षार पांढऱ्या डागांच्या रूपाने पानावर राहतो. त्या वेळी रंध्रे मिटलेलीच असतात. तेच पाणी सूर्यास्ताच्या सुमारास मुळांवर आणि खालच्या जमिनीवर मारले तर पुढचे कित्येक तास झाडाभोवतीची हवा निवलेली राहते. संध्याकाळी पाणी घालू नये, झाड कुजते, हा पुस्तकी नियम दमट जागी खरा आहे. कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो उलटा करावा लागतो. नागपुरात मेअखेरीस रात्रीही पारा तिशीखाली जाईनासा होतो, तेव्हा झाड वाढ थांबवते. ते मेले असे समजू नये.

दुसरी गोष्ट मुळांची. झाडावर वाढणाऱ्या आमरीच्या मुळांवर मृत, पोकळ पेशींचे जाड आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना मूळ चांदीसारखे पांढुरके दिसते. त्यावर पाणी पडले की पांढरा रंग जातो आणि आतला हिरवा रंग वर येतो, कारण पेशींतल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. हा बदल डोळ्यांदेखत होतो. मुळाला किती पाणी द्यायचे याचे यापेक्षा सोपे माप नाही : सगळे मूळ हिरवे होईस्तोवर पाणी घालावे, आणि ते पुन्हा पांढुरके होईस्तोवर थांबावे. ओल्या मातीत गाडलेले असे मूळ श्वास कोंडून कुजते. बागेतल्या नवशिक्याच्या आमरी तहानेने जितक्या मरतात त्याहून अधिक या गाडण्याने मरतात.

दख्खनच्या देशी आमरी कोरडे महिने तीन रीतींनी काढतात, आणि कोणती जात कोणत्या रीतीची हे कळले की निम्मे काम होते.

पहिली रीत जमिनीत दडण्याची. हबेनारिया गटातल्या आमरी पावसाबरोबर कंदातून वर येतात, फुलतात, बी धरतात आणि पाऊस संपला की जमिनीवरून पूर्ण नाहीशा होतात. पुढच्या वर्षाचा नवा कंद तेवढा खाली राहतो. कास पठारावर दिसणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या अनेक आमरी याच जातकुळीच्या. सह्याद्रीतल्या ज्या जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यांत कासही आहे. त्यामुळे तिथले कंद उपटून आणण्याचा मोह कोणी धरू नये. शिवाय त्या कंदांचे मातीतल्या ठरावीक बुरशींशी साटेलोटे असते, आणि ती बुरशी कुंडीत येत नाही. रोपवाटिकेतून कंद मिळाला आणि तो रुजला, तर कुंडीवर चिठ्ठी मात्र लावून ठेवावी. नोव्हेंबर ते मे ती कुंडी रिकामीच दिसते, आणि घरात एखादा तरी माणूस रिकाम्या कुंडीत पुदिना लावणारा असतोच.

दुसरी रीत पाने टाकण्याची. डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हाटम या सह्याद्रीतल्या जाती पावसाळ्यात मांसल खोडे वाढवतात, त्यांत पाणी आणि अन्न साठवतात, आणि पाऊस सरला की पाने गाळून काड्यांसारख्या उभ्या राहतात. पुढे याच निष्पर्ण काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. इथे माळ्याचा दयाळूपणा घात करतो. पाने पिवळी पडताना पाहून पाणी वाढवले, तर फुलांच्या डोळ्यांतून फुलांऐवजी नवी पिले फुटतात, किंवा खोड बुडापासून सडते. पाने गळू लागली की पाणी कमी करायचे, पूर्ण गळली की आठवड्या-पंधरवड्याने नुसता शिडकावा, एवढेच करायचे.

तिसरी रीत पाने राखून तग धरण्याची. व्हँडा टेसेलाटाबरोबरच सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, एरिडीस मॅक्युलोजा, अकांपे प्रिमोर्सा आणि चामड्यासारख्या पानांची सिंबिडियम अलोईफोलियम या त्या गटातल्या. सीतेच्या वेणीचे गुलाबी ठिपक्यांचे लोंबते तुरे मे-जूनमध्ये, वळवाच्या आगेमागे येतात. हीच जात आसामात कपौ फूल म्हणून बिहूच्या नाचात केसांत माळली जाते आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. या गटातल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी लागते, पण बेताचे. पानांच्या कडा किंचित मिटल्या, त्यांवर बारीक सुरकुत्या आल्या, तर ते चालण्यासारखे असते. पाने खालून झपाट्याने गळू लागली तर नाही.

परदेशी जातींतही निवड याच निकषावर करावी. लग्नाच्या मांडवात दिसणारी जांभळी-पांढरी 'सोनिया' आणि तिच्या बहिणी ज्या डेंड्रोबियम बिगिब्बमपासून आल्या, ते झाड उत्तर ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे कोरडा मोसम माहीत असलेले. त्यामुळे पावसाळ्यात भरपूर पाणी आणि हिवाळ्यात विश्रांती मिळाली तर ते घाटावर टिकते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरची ब्रासाव्होला नोडोसा कडक उन्हात राहते आणि रात्री सुगंध सोडते. एपिडेंड्रम रॅडिकन्स हे वेताच्या कांड्यांसारखे वाढणारे, नारिंगी फुलांचे झाड खडकाळ जमिनीत, पूर्ण उन्हात येते आणि नवशिक्यासाठी बहुधा सर्वांत उदार आहे. स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा वाफ्यात लावता येते, पण तिला ओल हवी. मॉलमध्ये फुलांसकट मिळणारी फॅलेनॉप्सिस मात्र घरातच ठेवावी. तिची पाने रुंद, पाण्याचा साठा थोडा आणि माहेर पावसाच्या जंगलातले. तिला घाटावर उघड्यावर ठेवणे म्हणजे फुले गळेपर्यंतचे सुख आहे.

जागेचा प्रश्न महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी एका वेगळ्या वेलीसाठी फार पूर्वी सोडवलेला आहे. नागवेल ही दमट प्रदेशाची वेल. तरी सांगली-मिरजेकडे आणि रामटेकच्या आसपास पानमळे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशा हलक्या सावलीच्या झाडांच्या दाट ओळी लावायच्या, बाहेरून वाऱ्याला आडोसा करायचा, आणि आतली जमीन वारंवार भिजवायची. त्याने मळ्यात एक वेगळीच हवा तयार होते. मेच्या दुपारी बाहेरून आत पाऊल टाकले की फरक अंगाला कळतो. आमरीला हेच हवे : वरून चाळणीतून यावा तसा प्रकाश, पश्चिमेकडून आडोसा, खाली ओली जमीन. झाडे एकेकटी टांगण्यापेक्षा एकत्र ठेवावीत, खाली खडी पसरून ती भिजवावी, मोठ्या पानांची कर्दळ, अळू, नेचे लावावेत. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा टांगून भिजवला तर वाऱ्याचीच गार झुळूक होते. हवा जितकी कोरडी तितके पाण्याच्या बाष्पीभवनाने ती अधिक गार होऊ शकते. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेला निव्वळ पाण्याने, तत्त्वतः, २४ अंशांच्या आसपास आणता येते. विदर्भात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, तो याच हिशेबाने.

शेडनेट लावायचे तर ५० टक्क्यांचे वर्षभर, आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत त्यावर आणखी एक, किंवा ७५ टक्क्यांचे. काळी जाळी स्वतः तापते, म्हणून ती झाडांच्या डोक्यापासून निदान तीन-चार फूट वर असावी. प्रकाश पुरेसा आहे का, हे पानाचा रंग सांगतो. गर्द हिरवे पान म्हणजे सावली जास्त, फुले येणार नाहीत; पोपटी, किंचित पिवळसर म्हणजे बरोबर; कडेला तांबूस ठिपके म्हणजे मर्यादा. दुपारी पान हाताला गरम लागले तर रंग काहीही असो, सावली वाढवावी.

गच्चीत आणि बाल्कनीत दिशेची एक गंमत ध्यानात ठेवावी लागते. पुण्यात शून्य सावलीचे दिवस १४-१५ मे आणि २८-२९ जुलैच्या सुमारास येतात, नागपुरात २६ मे आणि १७ जुलैच्या. या दोन दिवसांमधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे वर्षभर सुरक्षित म्हणून निवडलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मेच्या उत्तरार्धात, नेमक्या सर्वांत वाईट दिवसांत, ऊन शिरते. पाऊस वेळेवर आला तर ढग सांभाळून घेतात. लांबला तर पाने भाजतात. पूर्वेची बाजू, सकाळी नऊ-दहापर्यंतचे ऊन देणारी, सर्वांत निर्धोक.

अंगणात झाड असेल तर कुंडीची भानगडच नको. आमरी थेट खोडावर बांधावी. जंगलात ती ऐन, आंबा, जांभूळ, मोह यांवर अधिक दिसते, कारण त्यांची साल खडबडीत, भेगाळ आणि ओल धरणारी असते. बागेत आंबा, जांभूळ, चिक्कू, बकुळ ही सदाहरित झाडे उत्तम, चिंचही चांगली. पेरू आणि निलगिरी साल सोलून टाकतात, म्हणून ती वर्ज्य. खोडाची पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू निवडावी. रोप जरा कललेले, शेंडा बाहेर झुकलेला असे बांधावे, म्हणजे पावसाचे पाणी शेंड्यात साचत नाही. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पुरतात. त्या कुजून पडेपर्यंत मुळांनी साल धरलेली असते. तांब्याची तार कधीही वापरू नये, तांबे मुळांना विषारी आहे. बांधण्याची वेळ मृगाची. मृग कोरडे गेले तर आर्द्रा लागेपर्यंत थांबावे. चार महिन्यांत मुळे सालीवर पसरली तर पुढचा उन्हाळा झाड काढते. दिवाळीनंतर बांधलेल्या रोपाला ती संधीच मिळत नाही.

कुंडीत लावायचे तर भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी. माठातले पाणी जसे गार होते तशी तिच्यातली मुळे गार राहतात. प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापते. भरण विटांच्या तुकड्यांचे, लोणारी कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे. किनाऱ्यावर विटा-कोळसा जास्त आणि सोडण कमी घालतात. घाटावर हे प्रमाण उलटे करावे, कारण ओल धरते ते सोडण. सोडणात मीठ असते, म्हणून ते काही दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरावे, आणि दोन-तीन वर्षांनी ते कुजून पिठूळ झाले की बदलावे.

पाण्याची प्रत हा दख्खनवरचा खरा अडथळा, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. उन्हाळ्यात ते रोज घातले की पाणी उडते आणि क्षार साठत जातात. कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसतो, मुळांची हिरवी टोके काळी पडतात, पानांची टोके जळतात. माळी याला उन्हाचा चटका समजतो आणि आणखी पाणी घालतो. पावसाचे पाणी यावर सर्वोत्तम. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या वर पाणी मिळते. पिंप झाकलेले हवे, नाहीतर आमरी जगेल आणि शेजाऱ्यांना डेंगी होईल. पावसाचे पाणी संपले की नळाचे, आणि बोअरच असेल तर त्यात आरओचे शुद्ध पाणी मिसळून. आरओचे वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून झाडांना घालण्याची पद्धत आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, आमरीला ते घालू नये.

खत थोडे आणि वारंवार. द्राक्षवाल्यांच्या दुकानात मिळणारे एकोणीस-एकोणीस-एकोणीस लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा, चार खेपांनंतर एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन. नोव्हेंबरनंतर बंद. ऐन उन्हाळ्यात खत देणे म्हणजे क्षारांत भर.

वर्षाचा क्रम यातून आपोआप ठरतो. जून ते सप्टेंबर वाढ. वरची जास्तीची जाळी काढावी, पाणी निसर्गावर सोडावे, सलग झड लागली तर नाजूक झाडे छपराखाली घ्यावीत. ऑक्टोबरच्या उन्हात फसगत होते : पाऊस थांबलेला, ऊन कडक, आणि माळी अजून पावसाळी मनःस्थितीत. हिवाळा दख्खनवर आमरीसाठी सुखाचा. पण निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत डेंड्रोबियमचे संकर आडोशाला न्यावेत, बारा अंशांखाली त्यांची पाने झडतात. देशी जातींचे बहराचे महिने पाहायचे तर फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचा १९६६चा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ आजही उपयोगाचा आहे. बागेतले कॅलेंडर त्यावरून बेतावे, कुंडीला चिकटवलेल्या लेबलावरून नव्हे.

कीडही ऋतूप्रमाणे येते. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतात आणि पान चंदेरी, धुळकट दिसू लागते; खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. फुलकिडे कळ्या वाकड्या करतात. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासून काढता येतात. निंबोळी तेल मारायचे तर संध्याकाळी, कारण तेल लागलेले पान उन्हात भाजते. पावसाळ्यात गोगलगायी मुळांची कोवळी टोके खातात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. सर्वांत घातक ती शेंड्याची काळी कुज. ती दिसली की निरोगी भागापर्यंत कापून, झाड कोरड्या जागी टांगावे. शेंडा गेलेली व्हँडा पुष्कळदा बुडातून नवे कोंब काढते.

उरतो प्रश्न रोपे आणायची कुठून. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही आणणे हा गुन्हा आहे, आणि आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. घाटातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात जुड्या बांधून विकायला ठेवलेली सीतेची वेणी जंगलातूनच ओरबाडलेली असते, आणि मुळे तुटल्यामुळे ती क्वचितच जगते. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे हाच सरळ मार्ग. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, अन्नसाठा नसलेले. निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाते १८९९ मध्ये ओळखले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या निर्जंतुक आगरवर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. आजच्या सगळ्या रोपवाटिका त्यावर उभ्या आहेत. भारतात सिक्कीममधल्या पाक्योंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र काम करते.

बाटलीतली रोपे स्वस्त पडतात, पण ती काढायची ती जुलै-ऑगस्टमध्येच. बाटलीतल्या पूर्ण दमट हवेतून बाहेर आलेल्या पानाला तेव्हाची हवा जेमतेम सोसते. पहिले काही आठवडे त्यांना झाकण लावलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून झाकण हळूहळू किलकिले करत न्यावे, आणि पहिला उन्हाळा घराच्या आडोशाला, दुहेरी जाळीखाली काढू द्यावा. व्हँडाचे असे रोप फुलायला चार ते सहा वर्षे घेते. तेवढा धीर नसेल तर बोटभर जाडीची, दोन-तीन ताजी मुळे फुटलेली वाढलेली रोपे मेअखेरीस मागवावीत, म्हणजे ती मृगाला खोडावर चढवता येतात.